नैरोबीचे आठ

१

कौसल्या लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली, त्या दिवसापासून तिच्या सासऱ्यांची एक रीत तिला ठाऊक होती. घरात शिरण्याआधी शामराव दाराबाहेर थांबून खाकरत. आत सून एकटी असेल, पदर सरकला असेल, दुपारची जरा आडवी झाली असेल. तेव्हा पुरुषमाणसाने आधी वर्दी द्यावी, अशी जुन्या लोकांची पद्धत. ते एकदा खाकरत, थोडे थांबत आणि पुन्हा खाकरत. दुसरं खाकरणं हलकं असे, पहिल्याबद्दल माफी मागितल्यासारखं. मग कौसल्या आतून म्हणे, "या, मामंजी." तेव्हाच ते उंबरा ओलांडत. तिने बोलावल्याशिवाय त्यांनी पाऊल आत टाकल्याचं तिला आठवत नव्हतं.

सासूबाई गेल्या आणि शामरावांचं मन हळूहळू पातळ होत गेलं. घरात येऊन बसले की थोड्या वेळाने उठून गॅलरीत जात, तिथे कशाला आलो ते विसरत आणि परत दाराशी येऊन खाकरत. दुपारभर हेच. कौसल्याचे हात कणकेत असोत की साबणात, दर वेळी 'या, मामंजी' म्हणायचं.

एका दुपारी तिने उत्तरच दिलं नाही. ऐकू न आल्यासारखं करून ती पोळ्या लाटत राहिली. सगळ्या पोळ्या झाल्या, तवा उतरवला, तेव्हा पडदा सारून तिने बाहेर पाहिलं. शामराव उन्हात तसेच उभे होते. वहाणा काढून हातात धरलेल्या.

"कामात होतीस का गं?" त्यांनी विचारलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाजेचं असं असतं, पहिल्यांदा ती पोळते, नंतर नुसती कोमट लागते. पुढे कौसल्याने तेच पुन्हा केलं. मग आणखी एकदा.

२

त्या वर्षी चळवळीचा जोर होता. रस्त्यावर रोज मोर्चे, भिंतींवर घोषणा, अधूनमधून संचारबंदी. आणि कौसल्याच्या घरात मुलीच्या लग्नाची घाई. बेबीला बघायला दादरची मंडळी आली होती, तेव्हा शामराव आतल्या खोलीतून बाहेर येऊन सगळ्यांसमोर उभे राहिले. त्यांचं धोतर ओलं झालेलं होतं आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. "नमस्कार, नमस्कार," ते हसून म्हणाले. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. नकार दोन दिवसांनी आला.

नैरोबीला रेल्वेत असलेला धाकटा मुलगा, रामदास, बापाला कधीचा बोलवत होता. कौसल्याचा नवरा कमलाकांत 'बघू, बघू' म्हणत टाळत होता. त्या नकारानंतर कौसल्यानेच विषय काढला. एकदा काढला, मग रोज काढला. गोड बोलून, त्यांच्या भल्याचं सांगून. "भावोजींकडे मोठा बंगला आहे, नोकरचाकर आहेत. इथे त्यांचे हालच ना हो?" अखेर कमलाकांत हो म्हणाला.

शेजारच्या यशोदाबाईंचा मुलगा मनमोहन सांताक्रूझला एका विमान कंपनीत सामान तोलायच्या काट्यावर होता. तो शामरावांना समजवायला आला. कराचीला थांबणार, एडनला थांबणार, मग समुद्र आणि वाळवंट ओलांडून नैरोबी. अडीच-तीन हजार मैल.

"रामदास बोटीने गेला तेव्हा त्याला आठवडा लागला होता की रे," शामराव म्हणाले.

"विमानाला एक रात्र, आजोबा. इथे संध्याकाळी बसायचं, तिथे सकाळी उतरायचं."

शामरावांनी बराच विचार केला. "एका रात्रीत मी बेळगावला पोचतो," ते म्हणाले. "म्हणजे नैरोबी बेळगावइतकीच लांब झाली. काय गं सूनबाई?"

मनमोहन हसून काही सांगणार होता. कौसल्याने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"हो, मामंजी. तेवढीच."

"मग हरकत नाही. वाटलं तर उठून येता येईल."

"बेळगाव तरी कुठे आपल्याला देतायत मेले!" दारात उभ्या यशोदाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. शामरावही हसले. कौसल्या भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेली.

३

निघायच्या दिवशी कौसल्याने त्यांच्या तळहातावर दही घातलं. काळा कोट शिवून घेतला होता, तो त्यांना खांद्यांत मोठा होत होता. चाळीतल्या लोकांनी हार घातले. पाकळ्या घरभर पडल्या. उंबऱ्यापाशी येऊन शामराव थांबले आणि सवयीने खाकरले.

"अहो तात्या, बाहेर जायचंय, आत नाही," कमलाकांत म्हणाला.

शामरावांनी वळून सुनेकडे पाहिलं. "येतो हं," ते म्हणाले.

कौसल्याने 'या' म्हणायचं होतं. निघणाऱ्या माणसाला सगळेच म्हणतात. पण ती पायांखालच्या पाकळ्या पाहत राहिली, आणि तोवर मंडळी जिन्यावर पोचली.

ती विमानतळावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बेबीला बघायला माटुंग्याची मंडळी यायची होती. हे स्थळ चांगलं होतं. मुलगा इंजिनीयर. या वेळी कशातच कमी पडून चालणार नव्हतं.

रात्रीची जेवणं उरकत असताना यशोदाबाई डोकावल्या.

"घर बघ कसं झालंय, फुलंच फुलं! पण केर काढू नकोस हो, कौसल्ये. माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत घरात केरसुणी फिरवू नये. मढं उचलल्यावर काढतात तसा लगेच केर."

"माहीत आहे मला. पण उद्या पाहुणे आहेत ना दहाला!"

"मग विचार की मनमोहनला, कधी पोचतं ते विमान."

मनमोहन नुकताच त्यांना बसवून परतला होता. गॅलरीत चूळ भरता भरता त्याने सांगितलं, "आठाला उतरतील, काकू. पण ते आठ नैरोबीचे. त्यांचं घड्याळ आपल्या मागे आहे. आपल्याकडे तेव्हा पावणेअकरा वाजलेले असतील."

कौसल्याने ते ऐकलं. नीट, स्पष्ट ऐकलं. पुढे कितीही वेळा तिने स्वतःला वेगळं सांगायचा प्रयत्न केला, तरी तिने ते ऐकलं होतं.

४

सकाळी ती आंघोळ करून घड्याळासमोर बसली. पायांखाली पाकळ्या, कोपऱ्यात शामरावांच्या तंबाखूची पूड, त्यांच्या अंथरुणाच्या जागी जुना कुबट वास. भिंतीवरच्या घड्याळाने आठ ठोके दिले. ती उठली आणि तिने केरसुणी हातात घेतली.

"आई," बेबी म्हणाली, "मनमोहनदादा काल म्हणत होता की–"

"आठ म्हणजे आठ. साडी नेस जा."

तिने कोपऱ्यापासून सुरुवात केली. अंथरुणाची वळकटी बाहेर टाकली, तंबाखू झाडली, पाकळ्या गोळा केल्या. मग फरशी पुसली. त्यांच्या कोपऱ्यात फिनेलचं पाणी दोनदा फिरवलं. खोली केवढी मोठी दिसू लागली! हात भराभर चालत होते. आपण गुणगुणतो आहोत हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. त्या क्षणी कुठेतरी, वाळवंटावर की समुद्रावर, तिचा सासरा अधांतरी होता, आणि ती गुणगुणत होती.

पाहुणे वेळेवर आले. मुलाची आई ठसठशीत कुंकू लावलेली, मोकळ्या बोलण्याची बाई होती. "घर कसं लख्ख ठेवलंय हो!" ती म्हणाली. बेबीने पोहे आणले. मुलाने मान खाली घालून दोन प्रश्न विचारले. सगळं मनासारखं चाललं होतं.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

कौसल्याच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. थोडा वेळ गेला. मग दुसऱ्यांदा, हलकं.

"कोणीतरी आलंय वाटतं," मुलाची आई म्हणाली.

कौसल्या उठली. दाराला अर्धा पडदा होता, गुडघ्यांपर्यंत येणारा. तो सारून तिने गॅलरीत पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी नव्हतं. वाळत घातलेले कपडे आणि ऊन.

"कुणी नाही," ती आत येऊन म्हणाली, आणि घड्याळाकडे पाहायचं तिने टाळलं.

५

संध्याकाळी रामदासची तार आली. तात्या सुखरूप पोचले. कमलाकांतने पेढे आणले. माटुंग्याहून होकार यायलाही वेळ लागला नाही. कौसल्याने देवासमोर दिवा लावला आणि स्वतःला समजावलं: चाळीत काय एकच म्हातारा आहे? खालच्या मजल्यावर दमेकरी आहे, पलीकडच्या बिऱ्हाडात तपकीर ओढणारे गृहस्थ आहेत. आवाज भिंतींवरून फिरून कुठून कुठे येतो. तार आली. माणूस पोचला. झालं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच आवाज आला. कमलाकांत कचेरीत होता, बेबी शिवणाच्या क्लासला. कौसल्या तांदूळ निवडत होती. एकदा खाकरणं. मग ती ओळखीची फट, सून आवरून घेईल एवढा वेळ. मग दुसरं.

तिने पडद्याखाली पाहिलं. तिथे पाय दिसायला हवे होते. गॅलरीची फरशी होती, तिच्यावर उन्हाचा पट्टा होता, बस्स. मात्र वाऱ्याने गॅलरीतल्या साड्या फडफडत होत्या आणि दाराचा पडदा हलत नव्हता. पलीकडून कुणी अगदी लगटून उभं राहावं, तसा तो स्तब्ध होता.

तिने सुपात तांदूळ जोरजोराने पाखडले. बऱ्याच वेळाने पडदा वाऱ्यावर उडाला, तेव्हा कुठे तिने सूप खाली ठेवलं.

मग ते रोजचं झालं. ती वरवंटा आपटी, नळ सोडून ठेवी, यशोदाबाईंना मोठ्याने हाका मारी. आवाज कधी चढला नाही, चिडला नाही. दोनदा खाकरायचं आणि थांबायचं. यशोदाबाई आल्या की काहीच नसे. त्यांना सांगावं असं तिला कितीदा वाटलं. पण काय सांगणार? की मी केर काढला? की आठ कुठले ते मला माहीत होतं? की ते इथे असतानाही मी त्यांना असंच उभं ठेवत होते, आणि तेव्हा मला भीती वाटत नव्हती?

भीतीपेक्षा हेच तिला जास्त खात असे. दाराबाहेर जे काही होतं, ते तिच्यावर चालून येत नव्हतं. ते तिच्या परवानगीची वाट पाहत होतं.

६

लग्नाची तारीख ठरली. दारात तोरण लागायचे दिवस जवळ आले, आणि एका रविवारी बाबुराव नावाचे गृहस्थ घर शोधत आले. रामदासच्या कचेरीतले, रजेवर देशी आलेले. रामदासने बेबीसाठी पाठवलेलं कापड त्यांनी दिलं आणि ते चहा घेत बसले.

"तात्या कसे आहेत?" कमलाकांतने विचारलं.

"उत्तम! कसला म्हणून त्रास नाही. बसवाल तिथे बसतात, वाढाल ते जेवतात. बोलत मात्र नाहीत."

"बोलत नाहीत? अहो, इथे तर दिवसभर..."

"अजिबात नाही. विमानातून उतरले तेव्हापासून. हाक मारली की वळून बघतात. पण बघतात ते..." बाबुराव थांबले. कपातली साय त्यांनी बोटाने बाजूला केली. "वय झालंय हो. आणखी एक, म्हणजे गंमतच. पायरव नाही त्यांचा. आवाज न करता खोलीत येऊन उभे राहतात. रामदासची बायको दोनदा किंचाळली."

"तात्या? न खाकरता?" कमलाकांत खो खो हसला. "ऐकलंस का गं? जन्मभराची खोड आफ्रिकेत सुटली!"

कौसल्याने कप उचलले आणि ती आत गेली. मोरीपाशी ती उभी राहिली. तिला ते फार सोप्या रीतीने कळलं, घरातलं कुठलंही काम कळावं तसं. एक शब्द म्हणायचा होता. 'या.' म्हटलं की दाराबाहेरचं आत येईल. पण ते इथे आत आलं, तर तिकडे जे खुर्चीवर बसतं आणि वाढलेलं जेवतं, त्याचं काय होईल? सासरा गेला तर वर्षभर घरात मंगलकार्य नाही. लग्न पुढे. माटुंग्याची मंडळी थांबतील? आणि थांबली तरी, त्या लख्ख कोपऱ्यात पुन्हा ते अंथरूण, ते ओलं धोतर.

आपण हिशेब कशाचा करतो आहोत हे लक्षात येऊन तिने नळाखाली तोंड धरलं. पण हिशेब झालेला होता. तिने ठरवलं, लग्न होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

७

मग एक दिवस मुंबई बंद होती. रस्ते ओस, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. कमलाकांत सकाळीच चौकात सभेला गेला होता. क्लास नसल्यामुळे बेबी घरी होती, आत स्वयंपाकघरात कणीक मळत होती. गाड्यांचा आवाज नसल्यामुळे चाळ इतकी शांत होती की खालच्या मजल्यावर कुणी पाटी ठेवली तरी ऐकू यावं.

कौसल्या बाहेरच्या खोलीत लग्नाच्या साड्यांची घडी घालत होती. आवाज आला तेव्हा तिने मान वर केली नाही. फट. मग दुसरं खाकरणं. तिने पुढची साडी उचलली.

"या ना, आजोबा!" आतून बेबी म्हणाली.

कामाच्या तंद्रीत म्हणाली. लहानपणापासून आईच्या बरोबरीने शंभरदा म्हटलेलं, ते तोंडातून गेलं. लगेच तिचं मळणं थांबलं. "अगंबाई," ती स्वतःशीच म्हणाली, "मी कुणाला..."

पडदा हलला. वाऱ्याने हलतो तसा नाही. एका बाजूने अदबीने सरकला आणि पुन्हा जागेवर आला.

कौसल्याने डोळे साडीच्या काठावर ठेवले होते. काठावर कोयऱ्या होत्या, एकीला लागून एक. फिनेलचा वास अचानक नाहीसा झाला आणि त्या जागी तंबाखू आणि नव्या लोकरी कापडाचा वास आला. तिने कोयऱ्या सोडून कोपऱ्याकडे पाहिलं.

काळ्या कोटाची पाठ दिसली. खांद्यांत मोठा. भिंतीला लागून जमिनीवर बसलेले, पण जमिनीवर बसतो तसे नव्हेत. गुडघे खुर्चीवर बसल्यासारखे, पाठ मागे रेलून, मागे रेलायला काही नसताना. दोन्ही हातांनी पोटावर काहीतरी गच्च धरलेलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. तोंड भिंतीकडे वळलेलं, आणि कपाळ भिंतीच्या इतकं जवळ, जसं कुणी काचेतून खाली पाहत असावं.

"सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले. आवाज त्यांचाच होता, फक्त त्यात खूप वारा होता. "आलं का गं?"

कौसल्याची साडीची घडी अर्धवट राहिली.

"विमानातली ती पोरगी सांगून गेली, थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. सगळे उतरून गेले. मला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी मान किंचित वळवली. गालाची कड दिसली, कानामागचे पांढरे केस दिसले. त्यापुढे तिने पाहिलं नाही. "हात फार दुखतायत. सोडू का?"

एवढंच म्हणायचं होतं: आलं, मामंजी. सोडा. घरी आलात. शब्द तिच्या जिभेवर होते. लहान मुलालाही म्हणता आले असते.

तिच्या मांडीवर बेबीचा शालू होता.

"अजून लांब आहे, मामंजी," कौसल्या म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा निघाला, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त शरम वाटली. "धरून ठेवा."

त्यांची बोटं पुन्हा आवळली.

"बरं," ते म्हणाले. कसली तक्रार नाही, राग नाही. "तू सांगशील तेव्हा." आणि तोंड पुन्हा भिंतीकडे गेलं.

"आई," बेबीने हाक मारली, "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही."

ती कशीबशी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने बेबीच्या हातातली परात ओढून घेतली आणि खाली मान घालून कणीक तिंबू लागली. बेबी दोन-तीनदा काही विचारायला गेली आणि आईचं तोंड बघून गप्प बसली. दुपार सरली. चौकातल्या सभेचा गलका ऐकू आला, मग कमलाकांतच्या चपला जिन्यावर वाजल्या. गॅलरीतून कसलाच आवाज आला नाही, त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही कधी नाही. आता वर्दी द्यायचं कारणच उरलं नव्हतं. ते आत आले होते.